अठरा अंशांवरचा ध्रुव : आकाशचित्रणासाठी ट्रॅकर निवडताना

फेब्रुवारी सरत आला की पहाटेच्या आकाशात वृश्चिकेच्या मागोमाग आकाशगंगेचा मध्यभाग वर येऊ लागतो, आणि आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : ट्रॅकर कोणता घेऊ? विचारणाऱ्याकडे बहुधा चांगला कॅमेरा असतो, एखादी २० किंवा २४ मिलिमीटरची वाइड लेन्स असते आणि टाइम-लॅप्सही करून पाहायची इच्छा असते. उत्तर म्हणून त्याला चार-पाच नावे मिळतात. ती नावे चांगलीच असतात. पण ती युरोप-अमेरिकेतल्या आकाशाखाली पारखलेली असतात, आणि विचारणाऱ्याची लेन्स कोणती, तो सामान गाडीने नेणार की गडावर पाठीवर, हे कुणी विचारलेले नसते.

ट्रॅकरची निवड तीन गोष्टींवर ठरते : तुमच्याकडची सर्वांत लांब फोकल लेंथ, तुम्ही वाहून नेऊ शकाल ते वजन, आणि आपल्या अक्षांशावर त्या यंत्राचा अक्ष अंधारात किती लवकर ध्रुवाकडे रोखता येतो ते. टाइम-लॅप्ससाठी मात्र ट्रॅकर घ्यावा की नाही, हाच वेगळा प्रश्न आहे. या लेखात हा सगळा हिशेब एकत्र मांडला आहे.

सेकंदांचा हिशेब

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. एक अंश म्हणजे ३६०० विकला. म्हणजे हे सरकणे डोळ्याला जाणवणार नाही इतके थोडे असते. पण कॅमेऱ्याला ते जाणवते. ६००० पिक्सेल रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ५२ विकला मावतात. म्हणजे साडेतीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो.

छायाचित्रकारांमध्ये रूढ असलेला ‘५०० चा नियम’ सांगतो की ५०० ला फोकल लेंथने भागा, तितके सेकंद शटर उघडे ठेवा. २४ मिलिमीटरला साधारण २० सेकंद. तेवढ्या वेळात तारा सहा पिक्सेल सरकलेला असतो. फोटो मोबाइलवर पाहायचा असेल तर ते चालते. मोठ्या आकारात छापला की ताऱ्यांच्या काड्या दिसू लागतात. फ्रान्समधल्या फ्रेदेरिक मिशो यांनी मांडलेले ‘एनपीएफ’ सूत्र पिक्सेलचा आकार आणि अ‍ॅपर्चरही हिशेबात धरते, म्हणून ते जास्त कडक आणि जास्त खरे आहे. फोकल लेंथ वाढली की गणित झपाट्याने आवळत जाते : १३५ मिलिमीटरला ५०० च्या नियमानेही चारच्या आत सेकंद मिळतात, २०० ला अडीच. अडीच सेकंदांत देवयानी दीर्घिकेचा गाभा उमटतो, तिचे बाहेरचे हात उमटत नाहीत.

ट्रॅकर हे बंधन सोडवतो. तो कॅमेऱ्याला पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या अक्षाभोवती, पृथ्वीच्याच वेगाने, उलट दिशेने फिरवतो. २० सेकंदांच्या जागी तीन मिनिटे मिळाली की आयएसओ ६४०० वरून १६०० वर आणता येतो आणि एफ १.८ च्या जागी एफ २.८ वापरून कोपऱ्यातल्या ताऱ्यांना फुटणारे पंखही आवरता येतात. चित्राचा दर्जा तिथे बदलतो.

ट्रॅकर न घेताही काय साधते

खरेदीच्या आधी हा पर्याय तपासायलाच हवा, कारण तो फुकट आहे. स्थिर ट्रायपॉडवर १० ते १५ सेकंदांचे १६ फोटो ओळीने काढा आणि संगणकावर ते ताऱ्यांवर जुळवून एकत्र करा. विंडोजसाठी ‘सिक्वेटर’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मॅकवाले ‘स्टारी लँडस्केप स्टॅकर’ वापरतात. १६ फोटोंची सरासरी घेतली की यादृच्छिक नॉइज एक चतुर्थांशावर येतो. सिक्वेटरमध्ये जमीन आणि आकाश वेगळे राखता येते, त्यामुळे किल्ल्याचा बुरूजही ठसठशीत राहतो. आजच्या कॅमेऱ्यांचा स्वतःचा रीड नॉइज इतका कमी असतो की वाइड लेन्सवर ही रीत ट्रॅकरच्या पुष्कळ जवळ पोहोचते.

म्हणून १४ ते २४ मिलिमीटरच्या पलीकडे ज्यांना जायचेच नाही, त्यांनी आधी एक हंगाम असे स्टॅकिंग करून पाहावे. ५० मिलिमीटरपासून मात्र ट्रॅकरची गरज खरोखर जाणवू लागते, आणि ८५ ते २०० या टप्प्यात त्याला पर्याय नाही. ज्येष्ठाभोवतीचे रंगीत ढग, कृत्तिकेभोवतीची निळसर धूळ, मृगातला तेजोमेघ, ही सगळी याच टप्प्यातली चित्रे आहेत.

पेंटॅक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. २०११ मध्ये या कंपनीने ‘ओ-जीपीएस १’ नावाचे उपकरण आणले. ते कॅमेऱ्याची दिशा ओळखते, आणि हात हलल्याचा परिणाम पुसण्यासाठी सेन्सर हलवणारी जी यंत्रणा कॅमेऱ्यात असते, तिलाच ताऱ्यांमागे हलवते. सेन्सर सरकायला जागा थोडी असल्याने वेळेला मर्यादा पडते, पण वेगळे यंत्र न्यावे लागत नाही.

दोन फळ्या आणि एक स्क्रू

ट्रॅकरची कल्पना जुनी आणि साधी आहे. जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात दोन फळ्यांच्या यंत्राचा आराखडा दिला; त्याला हेग माउंट, स्कॉच माउंट किंवा बार्न डोअर ट्रॅकर म्हणतात. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा आणि वरची फळी स्क्रूने हळूहळू उचलायची. एक मिलिमीटर पिचचा स्क्रू बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर बसवला आणि मिनिटाला बरोबर एक फेरा दिला, की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. सरळ स्क्रू असल्यामुळे चूक हळूहळू साचते, पण पहिल्या दहा मिनिटांत ती सहा विकलांच्या आसपासच राहते. वाइड लेन्सला ती दिसतही नाही.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. सुताराकडून दोन फळ्या, हार्डवेअरच्या दुकानातून बिजागरी आणि स्क्रू, हातात सेकंदकाटा असलेले घड्याळ. २४ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मिनिटांचा स्वच्छ फोटो यातून निघतो, आणि मुलाला पृथ्वीचे फिरणे स्वतःच्या बोटांनी मोजता येते.

याच कल्पनेच्या सुधारलेल्या आवृत्त्या बाजारात आल्या. ‘अ‍ॅस्ट्रोट्रॅक’ या ब्रिटिश यंत्रात दोन बाहू स्क्रूने उघडत आणि दोन तास सलग पाठलाग चालत असे. हंगेरीचा ‘फॉरनॅक्स लाइटट्रॅक २’ दात्यांऐवजी घर्षणाने चालतो, त्यामुळे त्याचा वेग विलक्षण समान राहतो. ‘ओमेगॉन मिनीट्रॅक’ तर चावीच्या घड्याळासारखा आहे : बॅटरी नाही, चावी द्या, ६० मिनिटे चालतो. त्याचे एलएक्स २ हे मॉडेल ४३० ग्रॅमचे असून दोन किलोपर्यंत भार घेते. या यंत्रांत बाहू किंवा कमान ठरावीक अंतर चालली की मागे आणून पुन्हा सुरू करावी लागते. एरवी त्यांचे काम चोख आहे.

आजचे तीन वर्ग

बाजारातली नावे बदलत राहतात, वर्ग फारसे बदलत नाहीत. म्हणून नावापेक्षा वर्ग ओळखावा.

पहिला वर्ग खिशातल्या ट्रॅकरचा : अर्ध्या किलोच्या आसपास वजन, दोन-तीन किलो भार. ‘मूव्ह शूट मूव्ह’चा रोटेटर, विक्सेनचा ‘पोलारी यू’ (५७५ ग्रॅम, भार अडीच किलो), स्काय-वॉचरचा ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर मिनी’ (सुमारे ६५० ग्रॅम, भार तीन किलो) हे यातले. जपानच्या विक्सेनने मूळ ‘पोलारी’ २०११ मध्ये आणला. कॅमेऱ्याएवढ्या पेटीत सगळे काही बसवता येते, हे त्याने दाखवून दिले. या वर्गाची खरी हद्द ८५ मिलिमीटर. काळजी घेतली तर १३५.

दुसरा वर्ग मधला : एक ते दीड किलो वजन, पाच किलो भार, काउंटरवेट लावायची सोय, आतच ध्रुवदर्शक दुर्बीण. स्काय-वॉचरचा ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर २ आय’ आणि आयऑप्ट्रॉनचा ‘स्कायगायडर प्रो’ ही यातली सर्वांत रुळलेली नावे. यांच्यावर २०० मिलिमीटरची लेन्स आरामात आणि एखादी छोटी अपवर्तक दुर्बीण जपून चालते. ऑटोगायडर जोडता येतो, पण तो एकाच अक्षावर दुरुस्ती करतो. वेज (अक्षाला अक्षांशाएवढा कोन देणारा तळ), काउंटरवेट आणि त्याचा दांडा धरला की एकूण ओझे तीन-चार किलोंच्या पुढे जाते, हे खोक्यावर ठळक लिहिलेले नसते.

तिसरा वर्ग ‘गो-टू’ यंत्रांचा : दोन्ही अक्षांवर मोटर, आकाशातली वस्तू आपणहून शोधण्याची सोय. २०२२ मध्ये आलेला ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय’ २.६ किलोचा आहे आणि भार पुन्हा पाचच किलो घेतो. गाडी थेट जागेपर्यंत जात असेल आणि २०० ते ४०० मिलिमीटरवर दीर्घिका-तेजोमेघ टिपायचे असतील, तर हा वर्ग पाहावा. दोन तास चढून जायचे असेल तर विचार सोडून द्यावा.

याखेरीज अक्ष ध्रुवाकडे न रोखता आडव्या-उभ्या हालचालींनी ताऱ्यामागे जाणारी यंत्रे आहेत : बेनरोचे ‘पोलारिस’ हे मोटरवर चालणारे हेड, किंवा झेडडब्ल्यूओची ‘सीस्टार एस ५०’ ही कॅमेरा आत असलेली दुर्बीण. मांडायला ती सोपी आहेत. पण अशा यंत्रात तारा मधोमध राहिला तरी भोवतालचे चित्र हळूहळू गोल फिरते, आणि हे फिरणे विषुववृत्ताकडे येऊ तसे वाढते. पुण्याहून दक्षिणेला ४० अंश उंचीवर रोख असेल तर चित्र तासाला सुमारे साडेअठरा अंश फिरते. लंडनमध्ये तेच १२ अंशांच्या आसपास असते. ‘सीस्टार’ छोट्या सेन्सरवर थोड्या सेकंदांचे फोटो जोडून यातून वाट काढते, ‘पोलारिस’ तिसऱ्या अक्षाने. अशा यंत्राची परदेशी परीक्षणे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

खोक्यावरचे आकडे

भारक्षमतेचा आकडा म्हणजे मोटर किती वजन फिरवू शकते त्याची कमाल. फोटो नेटका यावा यासाठी त्याच्या निम्म्यावर थांबावे. मिररलेस कॅमेरा साधारण ६५० ग्रॅम, वाइड लेन्स ४५० आणि बॉल हेड ४०० धरले तर दीड किलो झाले. तीन किलोच्या ट्रॅकरला हे बरोबर पेलते. ७०-२०० ची मोठी लेन्स लावली की अडीच किलो होतात आणि तोच ट्रॅकर तोकडा पडतो. निम्मे वजन हा माझा ठोकताळा आहे आणि त्याने मला कधी फसवलेले नाही.

दुसरा आकडा खोक्यावर बहुधा नसतो : आवर्ती चूक, म्हणजे पिरिऑडिक एरर. १४४ दात्यांच्या चाकाला वर्म गिअर फिरवत असेल तर वर्मचा एक फेरा जवळजवळ दहा मिनिटांचा असतो, आणि त्याच्या घडणीतला बारीक असमानपणा दर दहा मिनिटांनी तसाच परत येतो. ही चूक अधिक-उणे २५ विकला आहे असे धरू. २४ मिलिमीटरला ५२ विकलांचा पिक्सेल असल्याने ती जेमतेम एका पिक्सेलपुरती उरते. २०० मिलिमीटरला पिक्सेल सहा विकलांचा होतो आणि फेऱ्याच्या वाईट टप्प्यात २४ सेकंदांतच तारा पिक्सेल ओलांडतो. म्हणून छोट्या ट्रॅकरवर २०० मिलिमीटर लावून तीन मिनिटांच्या फोटोंची अपेक्षा धरू नये. ३० ते ६० सेकंदांचे पुष्कळ फोटो काढावेत, बिघडलेले वगळावेत, बाकीचे जोडावेत.

आपल्या आकाशातला ध्रुव

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. मुंबईत १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, कोल्हापुरात पावणेसतरा, पणजीत साडेपंधरा. बर्लिनमध्ये हाच तारा साडेबावन्न अंशांवर असतो. ट्रॅकरच्या निवडीत याचे तीन परिणाम होतात.

पहिला : ध्रुवतारा आपल्याकडे सहज झाकला जातो. घाटमाथ्याच्या दरीत तंबू ठोकला आणि उत्तरेला डोंगराची सोंड असली की तो गेलाच. मोकळ्या पठारावरही एप्रिल-मेचा धुरळा त्याला गिळतो, कारण साडेअठरा अंशांवरचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो आणि ध्रुव मुळात दुसऱ्या प्रतीचा तारा आहे. उत्तरेला एखाद्या शहराचा उजेड असेल तर आणखी कठीण. जागा निवडताना आपण सगळे दक्षिणेकडचे आकाश पाहतो, कारण आकाशगंगा तिकडे असते. ट्रॅकरवाल्याने उत्तरही पाहिली पाहिजे.

दुसरा : यंत्राचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि कॅमेऱ्याचे सगळे वजन उत्तरेकडे लोंबते. म्हणून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेकडे रोखून ठेवावा. मधल्या वर्गाच्या यंत्रात काउंटरवेट खाली येऊन त्याच पायावर आदळू शकते. तेव्हा मध्ये छोटा खांब घालून यंत्र उंच करावे लागते. खरेदीच्या आधी आणखी एक खात्री करावी : वेज १५ अंशांपर्यंत खाली येतो का आणि तिथे घट्ट राहतो का.

तिसरा परिणाम आपल्या फायद्याचा आहे. आकाशगंगेचा मध्यभाग पुण्याहून ४२ अंशांपर्यंत वर चढतो, दक्षिण इंग्लंडमध्ये तो दहा अंशांच्या आसपास घुटमळतो. त्रिशंकू आणि अगस्त्यही आपल्याला दिसतात. ध्रुव खाली असण्याच्या बदल्यात दक्षिणेचा हा सगळा खजिना मिळतो, आणि तो टिपण्यासाठी थोडी जास्त मेहनत घेणे योग्यच आहे.

आता अक्ष किती अचूक रोखायचा? ध्रुवतारा सध्या खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंशावर आहे. ट्रॅकरच्या भोकातून नुसता ध्रुवतारा मधोमध धरला, तरी होणारी चूक जास्तीत जास्त मिनिटाला दहा विकला. २४ मिलिमीटरवर एक पिक्सेल सरकायला पाच मिनिटे लागतात! वाइड लेन्सवाल्याने याहून जास्त झटू नये. २०० मिलिमीटरला मात्र तेवढ्याच चुकीने ३७ सेकंदांत पिक्सेल ओलांडला जातो. तिथे चूक पाच कलांवर आणावी लागते, म्हणजे साडेचार मिनिटे मिळतात. त्यासाठी ध्रुवदर्शक दुर्बीण आणि मोबाइलवरचे अ‍ॅप पुरते. आयऑप्ट्रॉनचा ‘आयपोलर’ कॅमेरा हेच काम संगणकाच्या पडद्यावर करतो. दुर्बीण नसेल तर एक खूण उपयोगी पडते : ध्रुवताऱ्याकडून ध्रुवमत्स्यातल्या कोचाबकडे किंचित सरकले की खरा ध्रुव येतो.

ध्रुव दिसतच नसेल तर? महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एक अंशाहूनही कमी आहे. होकायंत्राने दिशा आणि मोबाइलच्या कोनमापकाने अक्षांशाएवढा कोन धरला की काम होते. फक्त होकायंत्र ट्रायपॉडच्या आणि गाडीच्या लोखंडापासून लांब धरावे. एका मे महिन्यात घाटातल्या एका वाडीवर उत्तरेचा कडा ध्रुव अडवून बसला होता, तेव्हा मी असाच अक्ष लावला. दोन अंशांची चूक धरली तरी २४ मिलिमीटरला दीड मिनिट मिळते, आणि त्या रात्री दीड-दीड मिनिटाचे सगळे फोटो कामाला आले.

काही ट्रॅकर ध्रुवाकडे रोखण्यासाठी हिरवा लेझर देतात. सोय मोठी आहे, जबाबदारीही तेवढीच. विमानाच्या दिशेने लेझर जाणे वैमानिकासाठी घातक आहे, आणि शेजारी कुणी फोटो काढत असेल तर त्याची फ्रेम वाया जाते. दोन-तीन सेकंदांपलीकडे तो चालू ठेवू नये.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींची अडचण वेगळी आहे. दक्षिण ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टँटिस पाचव्या प्रतीहूनही मंद आहे. त्यांनी चांगली ध्रुवदर्शक दुर्बीण किंवा इलेक्ट्रॉनिक साधन असलेलेच यंत्र घ्यावे.

टाइम-लॅप्सचा वेगळा न्याय

ट्रॅकर विकताना टाइम-लॅप्स हा शब्द नेहमी जोडलेला असतो. तो नीट उलगडून पाहिला पाहिजे, कारण त्याखाली तीन वेगवेगळी कामे आहेत.

पहिले काम : कॅमेरा स्थिर, तारे गडावरून सरकताना दिसतात. याला ट्रॅकर लागतच नाही. सेकंदाला २४ चित्रे धरली तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला २४० फोटो लागतात. २५ सेकंदांचा एक्स्पोजर आणि दोन सेकंदांची फट, म्हणजे एक तास ४८ मिनिटे. ट्रॅकरच्या मोहाने दोन-दोन मिनिटांचे फोटो घेतले तर त्याच दहा सेकंदांना आठ तास लागतील आणि प्रत्येक चित्रात आकाश अर्ध्या अंशाने उडी मारेल. इथे पैसे घालायचेच असतील तर एफ १.४ किंवा १.८ च्या लेन्समध्ये घालावेत.

दुसरे काम : कॅमेरा हळूहळू आडवा फिरवणे. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाऐवजी सरळ वर धरला की तो फिरते हेड बनतो. ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर’मध्ये दुप्पट, सहापट, बारापट असे वेग आहेत, दुप्पट म्हणजे तासाला ३० अंश, बारापट म्हणजे १८०. वर सांगितलेल्या १०८ मिनिटांत दुप्पट वेगाने कॅमेरा ५४ अंश फिरतो, आणि रात्रीच्या दृश्याला हा वेग शोभतो. छोटा ट्रॅकर घेण्याचे हे चांगले कारण आहे. मात्र तो वेग बदलू देतो का, हे आधी पाहावे. केवळ याच कामासाठी हवे असेल तर सिर्पच्या ‘जिनी मिनी’सारखी खास फिरती हेड जास्त सोयीची, कारण ती फोटोच्या वेळी थांबतात आणि मधल्या फटीत फिरतात.

तिसरे काम मला सर्वांत जवळचे वाटते : तारे स्थिर ठेवायचे आणि पृथ्वी फिरताना दाखवायची. ट्रॅकर ध्रुवाकडे रोखून २० सेकंदांचे फोटो घेत राहिले की आकाश चौकटीत खिळून राहते आणि क्षितिज हलू लागते. इथेही अक्षांश बोलतो. अक्ष जवळजवळ आडवा असल्याने आपल्याकडे दक्षिणेकडे पाहणारा कॅमेरा कुशीवर वळतो : १०८ मिनिटांत क्षितिज २७ अंशांनी कलते. पूर्वेकडे रोख असेल तर जमीन झपाट्याने चौकटीखाली जाते. म्हणून सुरुवातीची चौकट उलटी कललेली घ्यावी, म्हणजे मध्यावर क्षितिज सरळ येते. अशी चित्रफीत पाहताना आपण एका फिरत्या गोलावर उभे आहोत हे पहिल्यांदा अंगावर येते. पाठ्यपुस्तकातले वाक्य तिथे डोळ्यांना दिसते.

निम्म्या वेगाची सोयही अनेक यंत्रांत असते. त्यात आकाश आणि जमीन दोन्ही निम्म्याने सरकतात, म्हणजे २० सेकंदांच्या जागी ४० मिळतात आणि एकाच फोटोत दोन्ही बरी दिसतात. प्रवासात एकच फोटो काढून पुढे जायचे असेल तर ही तडजोड ठीक. वेळ असेल तेव्हा ट्रॅकर चालू ठेवून आकाश आणि बंद करून जमीन, असे दोन फोटो काढून जोडणे उत्तम. ते जोडलेले आहेत असे चित्राखाली लिहावे. पाहणाऱ्याचा विश्वास ही आपली पुंजी आहे.

ट्रायपॉड, दव आणि सूर्य

ट्रॅकरवर खर्च करून तो हलक्या ट्रायपॉडवर ठेवणे म्हणजे पाया न घालता भिंत उभारणे. गडमाथ्यावरचा वारा ट्रॅकरची सगळी अचूकता एका झुळकीत घालवतो. मधला दांडा वर काढू नये, पाय थोडे बुटके ठेवावेत, सॅक खाली टांगावी आणि ती जमिनीला टेकू द्यावी, म्हणजे झोके घेणार नाही. बॉल हेड घट्ट बसणारे हवे. रात्रभर कॅमेरा इंचाइंचाने वाकत गेला तर दोष ट्रॅकरला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेन्सवर दव धरते, त्यासाठी पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा ठेवावा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रासाठी रिचार्जेबल सेलचा जादा संच हवाच.

बऱ्याच ट्रॅकरमध्ये सूर्य आणि चंद्र यांचे वेगही असतात. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इजिप्तमधल्या लक्सरला जाण्याचे बेत अनेक जण करत आहेत. तिथे खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. दिवसा ध्रुव दिसत नाही, तेव्हा अक्ष होकायंत्रानेच लावावा लागतो, आणि तिथे चुंबकीय उत्तर काही अंश बाजूला असल्याने ती दुरुस्ती करावी लागते. त्याचा सराव इथे घरच्या गच्चीवर करता येतो.

कोणी काय घ्यावे

फक्त वाइड लेन्स आणि टाइम-लॅप्स करायचे असेल तर अजून ट्रॅकर घेऊ नये. स्टॅकिंग शिकावे आणि वेगवान लेन्स घ्यावी. सह्याद्रीत पायी फिरणाऱ्याने पहिल्या वर्गातला, आडव्या फिरण्याचा वेग बदलू देणारा ट्रॅकर घ्यावा आणि ८५ मिलिमीटरच्या आत राहावे. माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांसाठी हीच योग्य निवड आहे. गाडीने जाणाऱ्याने आणि १३५-२०० मिलिमीटरची ओढ लागलेल्याने मधला वर्ग घ्यावा. गो-टू यंत्र तेव्हाच घ्यावे, जेव्हा मधल्या वर्गातली एकही रात्र अक्ष लावण्यात वाया जात नाही.

कारण आपल्या रात्री मोजक्या आहेत. जूनमध्ये ढग येतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत अमावास्या साधारण चारच, त्यातही सुट्टीला जोडून येणाऱ्या एक-दोन. अंधारे आकाशही कमी होत चालले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, हे महाराष्ट्राचे भाग्य. बाकी ठिकाणी दरवर्षी एक-एक क्षितिज उजळत चालले आहे. अशा रात्री अर्धा तास यंत्राशी झटण्यात घालवणे परवडत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी एवढे करा. १९४४ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थेच्या आकाशदर्शनाला एकदा जा. कुणाकडे ट्रॅकर असेल तर तो हातात घ्या, तुमचा कॅमेरा त्यावर चढवून पाहा आणि ध्रुव स्वतः लावून पाहा. दहा मिनिटांत तुम्हाला तो अंधारात लावता आला, तर तो ट्रॅकर तुमचा.